मेरीलँडचे एक्केचाळीस मैल: गाडी कुठे लावायची इथपासून सुरुवात

अ‍ॅपलेचियन ट्रेल ही अमेरिकेच्या पूर्वेकडची लांबलचक डोंगरवाट, ती एका दमात चालणारे लोक वेगळे, त्यांना पाच-सहा महिने काढता येतात. आम्हा दोघी बहिणींना वर्षाला जेमतेम चार दिवस मिळतात त्यामुळे आम्ही तुकड्यातुकड्यांनी चालतो, ज्याला इथे सेक्शन हाइक म्हणतात. पूर्ण वाट सुमारे २२०० मैलांची, चौदा राज्यांतून जाणारी, त्यातला मेरीलँडचा तुकडा साधारण ४१ मैलांचा. एका टोकाला हार्पर्स फेरी, दुसऱ्या टोकाला पेनमार, आणि मधे साउथ माउंटनची लांबच लांब धार. ऑक्टोबरमधे आम्ही तो केला. दिवसवार लिहितेच आहे पण आधी प्लॅनिंगचं सविस्तर लिहिते, कारण लोक मला विचारतात ते व्ह्यू कसा होता हे नाही, विचारतात की तिथे पोचलात कशा आणि परत कशा आलात, आणि खरंच सगळं त्यावरच अडतं.

आधीचे तीन आठवडे

पहिला प्लॅन एकदम सरळ होता. ताई वॉशिंग्टनला नोकरी करते, तिथल्या युनियन स्टेशनवरून मार्कची (म्हणजे मेरीलँडच्या लोकल ट्रेनची) ब्रन्सविक लाइन निघते आणि तिच्या काही गाड्या थेट हार्पर्स फेरीला येतात. स्टेशनवरून ट्रेल अगदी चार पावलांवर. मग काय, दोघींनी गुरुवारी संध्याकाळी ट्रेनने जायचं, रात्री तिथे झोपायचं, शुक्रवारी सकाळी पोटोमॅकचा पूल ओलांडून उत्तरेकडे चालायला लागायचं आणि सोमवारी पेनमारला पोचायचं. ताईने तर गाडीचं वेळापत्रक पण काढून ठेवलं.

मी विचारलं, "आणि पेनमारहून परत कसं यायचं गं?"

तिथे आमचा प्लॅन थांबला. पेनमार हे मेरीलँड-पेन्सिल्व्हेनियाच्या सीमेवरचं एक काउंटी पार्क आहे, आम्हाला बस-ट्रेन काहीही सापडलं नाही. गंमत अशी की १८७७ मधे हे पार्क सुरू झालं तेच रेल्वे कंपनीने केलं होतं, बाल्टिमोरहून माणसं गाड्या भरभरून सहलीला यायची, पाळणे-बिळणे सगळं होतं. आता रूळ आहेत पण त्यावरून फक्त मालगाड्या जातात. आपल्याकडे सह्याद्रीत कुठूनही खाली उतरलं तरी पायथ्याच्या गावात एसटी नाहीतर जीप मिळेल अशी मनाला खात्री असते, त्या सवयीने इथे प्लॅन केला तर माणूस डोंगराच्या टोकाला जाऊन अडकतो.

मग शटल बघायला लागलो. ट्रेलच्या आसपास राहणारे काही लोक स्वतःच्या गाडीने हायकर्सना इकडून तिकडे सोडतात, अ‍ॅपलेचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सीकडे अशा लोकांची राज्यवार यादी असते. ही संस्था १९२५ ची, ऑफिस हार्पर्स फेरीतच आहे. यादीतल्या एका बाईंना फोन केला, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कितीला पोचाल?" आणि ह्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. चौथ्या दिवशी, दमलेलं शरीर, ताईचा गुडघा, पाऊस आला तर दगडांवरून हळू चालावं लागणार, मी काय सांगू, एक वाजता की पाच वाजता? बाई समजूतदार होत्या, म्हणाल्या, मग तुम्ही उलटं का करत नाही, गाडी जिथे संपणार तिथे लावा, मी तुम्हाला सुरुवातीला सोडते.

ही एक गोष्ट डोक्यात शिरली आणि पूर्ण प्लॅन फिरला. वेळ फक्त पहिल्या सकाळी पक्की असते. तेव्हा आपण ताजे असतो, घड्याळ हातात असतं, ठरलेल्या वेळेला ठरलेल्या जागी उभं राहता येतं. म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून असलेला प्रवास पहिल्या सकाळी उरकून टाकायचा आणि मग स्वतःच्या गाडीकडे चालत यायचं. गाडी कुठे जात नाही, ती दोन तास थांबेल, दहा तास थांबेल.

मग गाडी कुठल्या टोकाला? पेनमारला लावून दक्षिणेकडून उत्तरेकडे चालायचं की हार्पर्स फेरीला लावून उत्तरेकडून खाली यायचं? इथे तीन गोष्टी धरल्या. पहिली, ताईची ट्रेन हार्पर्स फेरीलाच येते, आणि मार्कचा प्रकार असा आहे की सकाळच्या गाड्या वॉशिंग्टनकडे आणि संध्याकाळच्या वॉशिंग्टनकडून, तेही फक्त कामाच्या दिवशी, शनिवार-रविवार काही नाही. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी यायला उत्तम, सोमवारी दुपारी परत जायला शून्य उपयोग. अ‍ॅमट्रॅकची, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेल्वेची, एक गाडी आहे, शिकागोहून येणारी फ्लोरिडियन (नोव्हेंबर २०२४ च्या आधी हिलाच कॅपिटल लिमिटेड म्हणायचे), ती दिवसातून एकदा हार्पर्स फेरीला थांबून वॉशिंग्टनला जाते, पण शेवटच्या दिवशी एका गाडीमागे धावत डोंगर उतरायचा हे मला मान्य नव्हतं. दुसरी गोष्ट, गाडीची सुरक्षितता. हार्पर्स फेरीच्या नॅशनल पार्कच्या व्हिजिटर सेंटरचं पार्किंग मोठं आहे, तिथे आधी विचारून, नाव आणि गाडीचा नंबर नोंदवून चार दिवस ठेवता आली. वेव्हर्टनला ट्रेलच्या अगदी जवळ एक छोटं पार्किंग आहे, त्याने चालणं तीन-एक मैल कमी झालं असतं, पण रस्त्याकडेला चार रात्री गाडी ठेवायला जीव धजावेना. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ताईचा गुडघा. उत्तरेकडून आलं की शेवटचे जवळपास तीन मैल नदीकाठच्या जुन्या कालव्याच्या वाटेने आहेत, एकदम सपाट. चौथ्या दिवशी गुडघ्याला ह्याहून चांगलं काही मिळणार नव्हतं.

तर ठरलं: मी पिट्सबर्गहून गाडी घेऊन, ताई ट्रेनने, दोघी हार्पर्स फेरीला, तिथून शटलने पेनमार, मग दक्षिणेकडे चालत गाडीपर्यंत. ट्रेलच्या भाषेत सोबो, म्हणजे साउथबाउंड.

मुक्काम ठरवायला फार वाव नसतो कारण मेरीलँडमधे ट्रेलवर कुठेही तंबू टाकता येत नाही, ठरवून दिलेल्या जागीच राहायचं. शेल्टर म्हणजे रात्री झोपायला ट्रेलवर बांधलेले छपराचे निवारे, त्यांना बुकिंग नसतं, जो आधी येईल त्याची जागा, म्हणून तंबू सोबत हवाच. नकाशावर शेल्टरवर पेन्सिलने गोल केले आणि त्यावरूनच दिवस पडले. एकच गोष्ट मुद्दाम टाळली: अ‍ॅनापोलिस रॉक्सला शनिवारी रात्री राहायचं नाही. जागा सुंदर आहे पण हायवेच्या पार्किंगपासून दोन-अडीच मैलांवर, वीकेंडला सगळं जग तिथे असतं.

आणि ताईने एक कार्ड बनवलं. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर वरपासून खालपर्यंत प्रत्येक रस्ता जिथे ट्रेलला छेदतो त्याचं नाव, पुढे मैल, पुढे पाणी आहे का ते, आणि मागच्या बाजूला दोन शटलवाल्यांचे नंबर. झिपलॉकच्या पिशवीत घालून तिने ते सॅकच्या पट्ट्याला लावलं. मेरीलँड नवशिक्यांना का सांगतात ते त्या कार्डावर दिसतं, दर तीन-पाच मैलांना एक रस्ता आहे, म्हणजे गुडघ्याने दगा दिला तर पुढच्या रस्त्यापर्यंत पोचलं की बाहेर पडता येतं.

गुरुवार: हार्पर्स फेरी

बुधवारी रात्री नऊला फोन आला, शटलवाल्या बाईंच्या घरी आजारपण निघालं, त्या येऊ शकणार नव्हत्या. माणसाचा नाइलाज असतो, पण माझ्या पोटात गोळा आला. कार्डाच्या मागचा दुसरा नंबर लावला, एक रिटायर्ड काका, ते म्हणाले येतो पण सकाळी सातलाच, नंतर मला दुसरी फेरी आहे. सात तर सात. दुसरा नंबर आधीच बोलून ठेवलेला होता म्हणून निभावलं, त्या रात्री नऊला नव्याने शोधायला बसले असते तर ट्रिप गेलीच होती.

गुरुवारी दुपारी व्हिजिटर सेंटरला पोचले. गाडी नोंदवली, सामान काढलं, आणि चावी. गाडीची चावी हा चार दिवसांचा सगळ्यात महत्त्वाचा ऐवज. सॅकच्या वरच्या कप्प्यात आत एक छोटा हुक असतो त्याला ती अडकवली आणि डुप्लिकेट चावी ताईला द्यायला वेगळी काढली. एक हरवली, सॅक ओढ्यात पडली, काहीही झालं तरी दुसरी दुसऱ्या पाठीवर असते.

व्हिजिटर सेंटर गावापासून लांब वरच्या अंगाला आहे आणि जुन्या गावात जायला पार्कची बस असते, ती संध्याकाळी बंद होते, हे आधी बघून ठेवलं होतं. बसने खाली गेले. पोटोमॅक आणि शेननडोह ह्या दोन नद्या जिथे मिळतात त्या टोकावर हे गाव बसलंय, जॉन ब्राउनने १८५९ मधे गुलामगिरीविरुद्ध उठाव केला तो इथेच, इथला सरकारी शस्त्रांचा कारखाना ताब्यात घेऊन. संध्याकाळी ताईची ट्रेन आली, ऑफिसच्या कपड्यांवर पाठीला सॅक, आजूबाजूचे रोजचे प्रवासी तिच्याकडे बघत होते. "आलीस का गं वेळेवर?" मलाच विचारलं तिने. खाऊन-पिऊन एका गेस्टहाउसमधे लवकर झोपलो.

शुक्रवार: पेनमार ते एन्साइन काउल, दहा-एक मैल

काका सातला पाच मिनिटं कमी असताना दारात. तासाभराचा रस्ता, वाटेत त्यांनी कुठल्या ओढ्याला पाणी आहे, कुठला आटलाय ते सगळं सांगितलं, हे नकाशा सांगत नाही आणि ताईने तिथेच गाडीत कार्डावर पेनने फुल्या मारल्या. शटलवाल्याशी बोलत राहावं असं माझं आता ठाम मत आहे, त्या तासात जे कळतं ते कुठल्या अ‍ॅपमधे नसतं.

पेनमारला उतरून आधी उलट दिशेला, उत्तरेला, पाच-सात मिनिटं गेलो. तिथे मेसन-डिक्सन लाइनचा बोर्ड आहे. चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन ह्या दोघांनी १७६३ ते १७६७ ह्या काळात आखलेली ही मेरीलँड आणि पेन्सिल्व्हेनियामधली हद्द. तुकड्यातुकड्यांनी चालताना एक शिस्त आम्ही पाळतो, सुरुवातीचं टोक अर्धवट सोडायचं नाही, नाहीतर पुढच्या वर्षी तिथले दोनशे मीटर मनात सलत राहतात. बोर्डाला हात लावला आणि वळलो.

आणि पहिल्याच तासात माझी चूक कळली. ट्रेलचे चढ-उतारांचे आलेख उत्तरेकडे चालणाऱ्यांना धरून काढलेले असतात, डावीकडून उजवीकडे. दिशा बदलली तेव्हा मी मैल उलटे केले, मुक्काम उलटे केले पण आलेख डोक्यात तसाच राहिला, त्यामुळे हाय रॉकच्या भागात उतार आहे असं मी ताईला सांगून बसले होते. प्रत्यक्षात पेनमारहून हाय रॉकला चढ आहे आणि तो सगळा दगडांचा, नुसते धोंडे, त्यावर ओली पानं पडलेली, सॅक चार दिवसांच्या खाण्याने भरलेली. काठीचं टोक दगडावर टेकलं की टक्क आवाज व्हायचा आणि मग ते जरा घसरायचं. ताई काही बोलली नाही, फक्त थांबून गुडघ्याचा पट्टा एक घर आवळला. मला फार वाईट वाटलं. दिशा बदलली की आलेख सुद्धा कागदावर उलटा करून काढायचा, हे मी आता लिहूनच ठेवलंय.

हाय रॉक ट्रेलपासून थोडं बाजूला आहे, मोठा कातळ, सगळा रंगीबेरंगी अक्षरांनी भरलेला, इथून लोक हँग ग्लायडरने उडी घेतात. खाली शेतं पसरलेली. दहा मिनिटं बसलो. पुढे रेव्हन रॉक शेल्टरच्या फाट्यावर जेवण, मग रेव्हन रॉक रोडला उतार आणि पलीकडे लगेच चढ, तो पण खडा. ताईने कार्डावर पहिला रस्ता खोडला आणि विचारलं, "इथून बाहेर पडता आलं असतं ना?" मी म्हणलं हो. "मग चल पुढे," म्हणाली. मला वाटतं बाहेर पडता येतं एवढं माहीत असलं तरी पायात बळ येतं.

साडेचारला एन्साइन काउल शेल्टर. अजून तिघं होते, त्यांनी आत सरकून जागा दिली. खाण्याच्या पिशव्या अस्वलांपासून लांब टांगल्या आणि साडेसातला झोपेत.

शनिवार: एन्साइन काउल ते डाल्ग्रेन, चौदा मैल

हा सगळ्यात लांब दिवस आणि तो मुद्दाम दुसऱ्या दिवशी ठेवला होता कारण सॅक थोडी हलकी झालेली असते आणि पाय अजून बिघडलेले नसतात. सव्वासहाला निघालो, डोक्याला टॉर्च लावून. वुल्फ्सव्हिल रोड लगेच लागतो, तो ओलांडला की पुढे बराच वेळ धारेवरून चालणं, वर-खाली कमी. जंगल पिवळं-लाल झालेलं, पानं सारखी पडत होती, पांढऱ्या खुणा (दोन इंच रुंद, सहा इंच उंच, झाडाच्या खोडावर) नसत्या तर पानांखाली वाट दिसली नसती.

एका वळणावर समोरून एक मुलगा जवळजवळ धावत आला, पाठीला अगदी छोटी पिशवी. फोर स्टेट चॅलेंज करत होता, म्हणजे व्हर्जिनियाच्या हद्दीवरून निघून वेस्ट व्हर्जिनिया, अख्खं मेरीलँड आणि पेन्सिल्व्हेनियाच्या सीमेपर्यंत चोवीस तासांत. त्याने विचारलं पेनमार किती राहिलं, ताईने कार्ड बघून मैल सांगितले आणि वर दगडांबद्दल पण सांगितलं. त्याच्या घरचे तिथे गाडी घेऊन थांबले होते.

ब्लॅक रॉकला साडेनऊ-दहाला पोचलो तेव्हा एकटी एक बाई चहा पीत बसलेली. एक मैलावर अ‍ॅनापोलिस रॉक्स, तिथे मात्र शाळेची सहल, कुत्री, दोर लावून कड्यावर चढणारे, तंबूंच्या जागा दुपारच्या आतच भरत आलेल्या. इथे रात्र ठेवली नाही हे बरं केलं असं दोघींना वाटलं. व्ह्यू मात्र सोडू नका, खाली पश्चिमेची सगळी दरी उघडते. थोडं बसून निघालो, पुढे हायवेपर्यंत समोरून माणसांची रांगच चालू होती.

मग आय-७० हायवेवरचा पूल. जंगलातून वाट एकदम घरांच्या मागून बाहेर येते आणि तुम्ही जाळीच्या पादचारी पुलावर असता, खालून ट्रक धडाडत जातात. ताई मधे थांबून खाली बघत राहिली. "मी ह्या रस्त्याने किती वेळा गेले असेन," म्हणाली, "वर पूल बघितलाय, वर कोण चालतं असा विचार कधी आला नाही." एका ट्रकवाल्याला तिने हात केला आणि त्याने खरंच भोंगा वाजवला, तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पुढे वॉशिंग्टन मॉन्युमेंट, राजधानीतलं नाही, हा बाटलीच्या आकाराचा दगडी बुरूज बून्सबरोच्या गावकऱ्यांनी ४ जुलै १८२७ ला बांधायला घेतला, जॉर्ज वॉशिंग्टनचं पूर्ण झालेलं हे पहिलं स्मारक. वर चढायची ताकद ताईत नव्हती, मी एकटी जाऊन आले. शेवटचे दोन मैल तिला जड गेले. टर्नर्स गॅपच्या खिंडीत दगडी चॅपेल दिसलं तेव्हा पाच वाजून गेले होते, तिथून कॅम्प अगदी जवळ, आणि डाल्ग्रेनच्या कॅम्पला गरम पाण्याचा शॉवर आहे, फुकट. चौदा मैलांचा दिवस इथे संपवायचा हे ताईचं डोकं, तिने नकाशावर ह्या गोलाशेजारी आधीच "आंघोळ!" असं लिहून ठेवलं होतं.

रविवार: डाल्ग्रेन ते एड गार्वी, अकरा मैल

आज उशिरा निघालो, गुडघा सकाळी कडक होता. ही सगळी लढाईची जमीन. अमेरिकेच्या यादवी युद्धात १४ सप्टेंबर १८६२ ला साउथ माउंटनच्या तीन खिंडींत, टर्नर्स, फॉक्स आणि क्रॅम्पटन, दिवसभर लढाई झाली आणि तीनच दिवसांनी अँटिटमची मोठी लढाई. फॉक्स गॅपला जनरल रीनो मारला गेला तिथे स्मारक आहे. तीनही खिंडी आम्ही पायी पार केल्या तेव्हा कळलं की डोंगर ओलांडायचे रस्ते एवढेच, म्हणून सैन्यं इथेच भिडली, आणि आज त्याच खिंडींतून गाड्यांचे रस्ते जातात, ताईच्या कार्डावर बाहेर पडायच्या जागा म्हणून लिहिलेल्या.

लॅम्ब्स नॉलचा चढ लांब आहे पण पायाखाली वाईट नाही. व्हाइट रॉकवर बसून उरलेल्या पोळ्या आणि लोणचं खाल्लं. मग उतरत गॅथलँडला. इथे युद्ध वार्ताहरांच्या आठवणीत बांधलेली दगडी कमान आहे, १८९६ ची, जॉर्ज आल्फ्रेड टाउनसेंड ह्या पत्रकाराने उभी केलेली. मोकळ्या गवतात ती एकटीच उभी आहे आणि पहिल्यांदा बघताना आपण चुकून दुसरीकडे आलो असं वाटतं.

गॅथलँडला नळ आहे आणि तो चालू होता, काकांनी सांगितलं होतं तसाच. पुढच्या मुक्कामाला, एड गार्वीला, पाण्यासाठी शेल्टरपासून बरंच खाली खड्या उताराने जावं लागतं आणि तेवढंच परत वर. म्हणून इथेच रात्रीचं आणि सकाळचं सगळं पाणी भरून घेतलं, माझ्याकडे पाच लिटर, ताईकडे दोन. पाच लिटर म्हणजे पाच किलो, चार-एक मैल खांदे बोलत होते, पण संध्याकाळी बाकीचे बाटल्या घेऊन त्या उताराने निघाले आणि आम्ही चुलीशेजारी बसून राहिलो तेव्हा ताईने माझा खांदा दाबून दिला.

एड गार्वीचं शेल्टर दुमजली आहे, लाकडी, नीटनेटकं. रात्री वारा खूप होता. फोनला रेंज आली तेव्हा ताईने हवामान बघितलं, सोमवारी दुपारनंतर पाऊस.

सोमवार: एड गार्वी ते हार्पर्स फेरी, साडेसहा मैल

पावसाच्या आत वेव्हर्टनचा उतार संपवायचा म्हणून सातलाच निघालो. वेव्हर्टन क्लिफ्सला ट्रेल सोडून थोडं आत जावं लागतं, खाली पोटोमॅक, त्यातले खडक, पाण्यावर धुकं. आम्ही जिथे जाणार ती दरी समोर दिसते आणि तेवढ्यात रुळावरून मालगाडी गेली, डबे मोजता मोजता ताई शंभरच्या पुढे गेली आणि सोडून दिलं.

उतार वळणावळणांचा आहे, प्रत्येक वळणाला ताई उजवा पाय आधी टाकायची आणि मग काठी, मग डावा. मी पुढे न जाता तिच्या मागेच राहिले. खाली आलो, हायवेच्या खालून गेलो, रूळ ओलांडले आणि कालव्याच्या वाटेला लागलो. ही सीअँडओ कॅनॉलची टोपाथ, वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपासून कंबरलँडपर्यंत १८४.५ मैल, एकेकाळी खेचरं इथून चालत पाण्यातल्या होड्या ओढायची. एका बाजूला झुडपांनी भरलेला कोरडा कालवा, दुसऱ्या बाजूला नदी. इथून डावीकडे गेलं तर तीन मैलांवर ब्रन्सविकचं स्टेशन आहे, जिथे हार्पर्स फेरीपेक्षा जास्त गाड्या असतात, ट्रेननेच यायचं-जायचं असेल त्यांनी हे नक्की लक्षात घ्यावं. आम्ही उजवीकडे वळलो. सपाट वाटेवर आल्यावर ताईने पट्टा सोडला आणि खिशात टाकला.

शेवटी गोल लोखंडी जिना आहे, तो चढलं की रेल्वेच्या पुलाला लागूनच पायी जायचा पूल. २०१९ च्या डिसेंबरमधे इथे मालगाडी घसरून हा पायी पूल तुटला होता आणि काही महिने ट्रेल इथे खंडित झाला होता, असं काही झालं असतं तर आमच्या सगळ्या प्लॅनचं काय झालं असतं हे डोक्यात येऊन गेलं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी कॉन्झर्व्हन्सीच्या ट्रेल अपडेट्स बघायच्याच. पूल ओलांडताना पावसाचे थेंब सुरू झाले. अकरा वाजून दहा मिनिटं. फ्लोरिडियन त्या दिवशी उशिरा होती, स्टेशनवर माणसं वाट बघत होती आणि ताई एक क्षण थांबली, पण आम्हाला कुठे पळायचं नव्हतं. गावात गरम सूप घेतलं, बसने वर व्हिजिटर सेंटरला गेलो.

गाडी होती तिथेच, टपावर पानांचा थर. हुकवरची चावी काढली. आता मी ताईला शेडी ग्रोव्हला, मेट्रोच्या रेड लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर सोडणार होते आणि मग घरी. तिने बूट काढून पाय डॅशबोर्डवर ठेवले, कार्ड पिशवीतून बाहेर काढलं, शेवटचा रस्ता खोडला आणि कोऱ्या उरलेल्या कोपऱ्यात लिहिलं: पेनमार.

"पुढच्या वर्षी इथून वर, पाइन ग्रोव्ह फर्नेसपर्यंत," ती म्हणाली. "सदतीस-अडतीस मैल होतील. गाडी पाइन ग्रोव्हला लावायची ना?"

"दोन्हीकडे फोन करून बघू आधी," मी म्हणलं आणि वायपर लावले.